ठशाचे पैसे वेगळे

नाणे स्वस्त असते, ठसा महाग असतो. हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रावपुऱ्यातल्या एका दुकानात समजले. दुकान ढाली, पदके, शाळांचे बिल्ले आणि दारावरच्या नावाच्या पाट्या करणारे. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती. ती गुजरातीत बोले, मध्येच मराठीवर येई, मी मराठीत. बडोद्यात याला कोणी अडचण समजत नाही.

"केटला पीस, काका?"

"अकरा."

"अकराशे?"

"अकरा."

तिने हातातले पेन खाली ठेवले. "बेसो ने, काका," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवले. कोणाला वाईट बातमी सांगायची असली की आपल्याकडे आधी बसायला सांगतात. मी उभाच राहिलो.

मी कसली नाणी मागत होतो ते आधी सांगायला हवे. मी एका रासायनिक कारखान्याच्या अग्निशमन विभागात होतो. शेवटची बरीच वर्षे 'सी' शिफ्टचा इनचार्ज होतो. कारखाना शहराबाहेर होता. आमच्या शिफ्टमध्ये निम्मे लोक बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतले होते, काही खानदेशातून आलेले, उरलेले गुजराती. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात, उत्तरायणाच्या आधीच्या एका रविवारी, ही माणसे माझ्याकडे जेवायला येतात. पत्नी होती तोवर स्वयंपाक घरात होत असे. ती गेल्यावर मी बाहेरून मागवू लागलो. माणसे कमी होत गेली. काही वारली. काही मुलांकडे गेली आणि मग वारली. आता मला धरून अकरा उरलो आहोत.

मागच्या खेपेस त्या अकरांपैकी चौघेच आले. जिना उतरताना त्यातला एक म्हणाला, "साहेब, आता पुरे की. तुम्हालाही त्रास." मी म्हणालो, त्रास नाही. तो म्हणाला, "मग आम्हाला."

तो खरे बोलत होता. त्याच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले होते. पण हे जेवण बंद पडले तर माझ्या घरी वर्षभर दुसरी खुर्ची ओढावी लागणार नाही, हे मला त्या जिन्यात दिसले. मुलगी पुण्यात असते. ती रविवारी फोन करते. फोनला खुर्ची लागत नाही.

हरणीच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. एकदा सामान घेऊन जिना चढताना ते माझ्याकडे पाणी प्यायला थांबले. किल्ल्या काढताना त्यांच्या खिशातून एक जाड नाणे फरशीवर पडले. चलनातले नव्हते, त्यांच्या पलटणीने करून घेतलेले होते. फौजेत त्याला चॅलेंज कॉइन म्हणतात, असे त्यांनी सांगितले. पलटणीतली माणसे कुठेही एकत्र आली की एकाने आपले नाणे टेबलावर ठेवायचे, मग बाकीच्यांनी आपापले काढायचे. ज्याच्या खिशात निघणार नाही त्याने सगळ्यांना पाजायचे.

"काय पाजायचे?" मी विचारले.

"ते विचारू नका. आता गुजरातेत आहे, म्हणून चहा."

ते वर गेल्यावर मी बराच वेळ त्या नाण्याचा विचार केला. ज्याच्याजवळ असे नाणे आहे त्याला ते घेऊन कुठेतरी जावे लागते. नुसते निमंत्रण विसरता येते. खिशातली जड वस्तू विसरता येत नाही. असा माझा हिशेब होता. म्हणून मी रावपुऱ्यात गेलो.

बाईने मला खर्चाचे शास्त्र समजावून दिले. ती सावकाश बोलत होती आणि मध्ये मध्ये माझा चेहरा पाहत होती. "काका, डायना पैसा जुदा," हे तिचे पहिले वाक्य. डाय म्हणजे ठसा, त्याचे पैसे वेगळे. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटे कोरायचे, मग तो ठसा पितळेच्या चकतीवर दाबायचा. कोरायला कारागिराचे चार दिवस जातात. अकरा नाणी काढा किंवा अकराशे काढा, ते चार दिवस तेवढेच. तिने ठशाचे साडेचार हजार सांगितले. दोन्ही बाजूंना चित्र हवे असेल तर दोन ठसे, म्हणजे नऊ. चकतीचे, दाबण्याचे आणि पॉलिशचे मिळून एका नाण्याला दोनशे चाळीस. पण पन्नास घेतली तर तेच दीडशे.

"पचास करो तो भाव बेसी जाय," ती म्हणाली. पन्नास केली तर भाव खाली येतो.

तिने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पन्नास घेतली तर ठशासकट एक नाणे दोनशे चाळीसला पडत होते. अकरा घेतली आणि मागे आकडे ठोकून घेतले तर पावणेसातशेच्या थोडे वर.

"वरची एकोणचाळीस मी काय करू?"

"वाटायची. सगेवाले, सोसायटी. सीसीटीव्हीवाल्याला एक. लोकांना गमतं."

मी म्हणालो, ही वाटायची वस्तू नव्हे. ती म्हणाली, मग महाग पडणार. त्यात तिची चूक नव्हती. नाण्याची किंमत पितळेवर ठरत नाही, ते घेणारी माणसे किती आहेत यावर ठरते. ज्याची माणसे थोडी, त्याला एकेक महाग पडते. हे तिने कॅल्क्युलेटरवर दाखवले. मला ते कॅल्क्युलेटरशिवायही माहीत होते.

तिने मग स्वस्तातल्या वाटा सुचवल्या. जस्ताच्या मिश्रधातूत साच्यात ओतून नाणी करतात. साचा स्वस्त असतो, वर सोनेरी मुलामा देतात. मी एक हातात घेतले. हलके होते, आणि कडेला मुलामा उडून आतला राखाडी रंग दिसत होता. तिने दुसरे पुढे केले, तयार चकतीवर लेझरने कोरलेले. त्याला ठसा लागतच नाही, अकराच काय एकसुद्धा करून मिळते. मी त्यावरून अंगठा फिरवला. काहीच लागले नाही.

"बोटाला लागायला हवे," मी म्हणालो.

"कोण बोट फिरवणार आहे, काका? डोळे आहेत ना."

"आमच्या कामात नसत."

तिला मी थोडक्यात सांगितले. कारखान्यात आमच्यापैकी प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे, वर भोक, मध्ये ठोकलेला नंबर. धुरात किंवा टाकीत शिरताना तो दारावरच्या माणसाकडे द्यायचा. किती आत आहेत आणि कोण कोण, हे बोर्डावरच्या बिल्ल्यांवरून कळे. दिवे गेलेले असत, म्हणून नंबर बोटांनी वाचावा लागे. मी सगळी वर्षे दारावर उभा राहून तेच केले. आता कारखान्यात प्लास्टिकची कार्डे आहेत आणि जुने बिल्ले भंगारात गेले.

बाईने लेझरचे नाणे बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तर पितळ. पण रंग तर भरा. लाल ज्वाळा टाकते, मस्त दिसेल. एका रंगाचे पीसमागे पंचवीस."

"रंग नको."

"काका, रंग नाही घातला तर गॅसच्या सिलिंडरचं टोकन वाटेल."

"वाटू दे."

ती हसली. मी तिला सांगितले तो मजकूर असा. पुढच्या बाजूला कडेने गोल दोरीसारखी किनार आणि मध्ये शिफ्टचे अक्षर, बाकी काही नाही. मागची बाजू कोरी, तिच्यावर प्रत्येकाचा नंबर हाताने ठोकलेला. एकच ठसा. डबी नको, मखमल नको. तिने मोबाइलवर चित्र पाठवले. चित्रात नाणे ताटाएवढे दिसत होते, त्यावरून काही कळत नव्हते. घरी येऊन मी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तेवढ्याच मापाची चकती कापली आणि ती दोन दिवस सदऱ्याच्या खिशात वागवली. मोठी वाटली. तीन मिलिमीटर कमी करा, असे फोनवर कळवले. त्याचे पैसे कमी झाले नाहीत. मापाचा खर्चावर फारसा परिणाम होत नाही, हेही तिनेच सांगितले.

नाणी न्यायला गेलो तेव्हा तिने ती वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवली होती. काम चांगले झाले होते. मी प्रत्येक उलटे करून नंबर तपासला.

"वच्चे घणा नंबर नथी," ती म्हणाली. मधले बरेच नंबर नाहीत. चार नाही, पाच नाही, सहा नाही.

"नाहीत."

तिने नाणी वर्तमानपत्रात गुंडाळली. बिल करताना म्हणाली, "डाय एक वर्ष ठेवते. परत ऑर्डर आली तर डायना पैसा नाही लागणार."

"परत ऑर्डर येणार नाही."

"असं नका बोलू. मेंबर वाढतील."

"आमच्यात मेंबर वाढत नाहीत."

तिने मला स्टूलवर बसवून चहा पाजला. त्या वेळी मी बसलो.

जेवण सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवले, कारण तिथे जिना नव्हता. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला आणि या खेपेस काहीतरी द्यायचे आहे, तेव्हा यावेच लागेल, असे सांगितले. विनंतीची सवय नसल्यामुळे ते हुकमासारखे वाजले असावे. त्याचा उपयोग झाला. एक सोडून सगळे आले. न आलेला सात नंबर. तो करजणला राहतो आणि त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे. शिफ्टमध्ये तो माझ्या हाताखालचा पहिला माणूस होता.

श्रीखंड-पुरी होती, बटाट्याची भाजी होती आणि शेवउसळ. शेवउसळ डॉक्टरांनी आमच्यापैकी बहुतेकांना बंद केली आहे. ती आधी संपली.

जेवण झाल्यावर मी नाणी काढली. एकेकाचा नंबर पुकारला आणि हातात दिली. ज्यांना दिसत नव्हते त्यांनी चष्मे काढून अंगठ्याने पाहिले. नऊ नंबर, जो पूर्वी ड्रायव्हर होता, म्हणाला, "हे भंगारातून परत आणलं की काय, साहेब?"

"नवे आहे."

"मग भोक कुठे?"

"खिशात ठेवायचे आहे, टांगायचे नाही."

मी त्यांना सुभेदारांचा नियम सांगितला. पुढच्या वर्षी येताना प्रत्येकाने आणायचे, ज्याच्याजवळ नसेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

"पेन्शन वाढली नाही आणि दंड सुरू," तीन नंबर म्हणाला.

"आणि जो वरच गेला त्याचं काय? त्याच्या बायकोनं चहा पाजायचा?" हे नऊ नंबरचे.

"तुझ्या बायकोच्या हातचा पिऊन बघितलाय. त्यापेक्षा तू जिवंत राहा." हे तीन नंबरचे.

ते बराच वेळ असे बोलत बसले. मी भिंतीजवळ उभा राहून ऐकत होतो. शिफ्टमध्येही मी असाच उभा राहत असे. चार वाजता रिक्षा येऊ लागल्या, कोणाचा मुलगा गाडी घेऊन आला. माणसे उठली. मी हॉलच्या दारात उभा होतो.

तीन नंबर पहिला निघाला. त्याने पायात चपला सरकवल्या, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि नाणे माझ्या हातावर ठेवले. "येतो साहेब." मी मान हलवली. त्याच्यामागे आठ नंबर आला, त्याने ठेवले. मग नऊ, मग अकरा. मी डाव्या हाताने नाणे घेत होतो, उजव्या अंगठ्याने नंबर पाहत होतो आणि शेजारच्या टेबलावर ओळीने लावत होतो. कोणी थांबले नाही, कोणी काही विचारले नाही, मीही नाही. शेवटच्याला रिक्षात बसवले, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि आत आलो. कॅटररच्या माणसाने टेबल उचलायला घेतले आणि विचारले, "काका, हे तुमचं?"

टेबलावर नऊ नाणी होती, नंबरवार.

आमच्या शिफ्टमध्ये बिल्ला कधीही फाटकाबाहेर जात नसे. शिफ्ट संपवून बाहेर पडताना तो दारावरच्या माणसाकडे जमा करायचा आणि फाटकाजवळच्या दुसऱ्या बोर्डावर तो आपल्या खुंटीला लागायचा, हा सगळ्यांत कडक नियम होता. एखाद्याने चुकून खिशातून घरी नेला तर त्या बोर्डावरची खुंटी मोकळी दिसे. मोकळी खुंटी म्हणजे तो माणूस अजून आवारात कुठेतरी पडला आहे, असे धरून पुढच्या शिफ्टला त्याला शोधायला शिरावे लागे. त्यात कोणाचा तरी जीव गेला असता. म्हणून मी तो नियम त्यांच्या हाडांत घातला होता. एकदा कामगारांची बस मी रस्त्यात थांबवली होती, एका बिल्ल्यासाठी. आता इतक्या वर्षांनी मी दारात उभा होतो आणि ती माणसे बाहेर पडत होती. त्यांच्या हातांनी त्यांचे काम केले, माझ्या हाताने माझे. डोके कोणाचेच चालले नाही.

मी नाणी रुमालात बांधून वर आणली.

संध्याकाळी आठ नंबरचा फोन आला. आवाज काळजीचा होता.

"साहेब, बिल्ला मी तुमच्याकडे जमा केला ना?"

"केला."

"नक्की?"

"माझ्यासमोर आहे."

"हां. मग ठीक. मला वाटलं खिशात राहिला की काय. सुनेला सगळे खिसे बघायला लावले." तो सुटल्यासारखा हसला. "झोपतो मग."

ते तुझे आहे, घरी न्यायचे होते, हे मी त्याला सांगू शकलो असतो. त्याला झोप लागणार होती, म्हणून सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिले की नाणी माझ्याकडे राहिली आहेत, प्रत्येकाने सवडीने येऊन न्यावीत. अंगठे आले, जोडलेले हात आले. नऊ नंबरने हसणारे चेहरे टाकले. कोणी आले नाही. उत्तरायण झाले, छपरांवरचे पतंग उतरले. होळी झाली. बाजारात कैऱ्या आल्या. मी दुपारी घराबाहेर पडायचे टाळत होतो, कारण कोणी दुपारीच आले असते. सुभेदार जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "झाली का नाणी तुमची?" मी हो म्हणालो. त्यांनी आपले काढून दाखवले आणि माझ्या खिशाकडे पाहिले. मी त्यांना चहा पाजला. माझे स्वतःचे नाणेही रुमालात इतरांबरोबर होते. एकटे काढून खिशात ठेवायला मन झाले नव्हते.

रविवारी मुलीने विचारले, "बाबा, कुरिअरने का नाही पाठवत?"

"कुरिअरने पाठवायची वस्तू नाही."

"मग कशी पाठवायची?"

"हातात द्यायची असते."

"मग जा आणि द्या. तिथे बसून राहण्यापेक्षा बरं." लगेच पुढे म्हणाली, "मी रागावून नाही म्हणाले."

"मला कळले."

आधी करजणला गेलो, कारण सात नंबरने नाणे अजून पाहिलेही नव्हते. डेपोतून भरूचकडची बस धरली. हायवेवर दोन्ही बाजूंना गोदामे आहेत, मध्येच कापसाचे शेत, पुन्हा गोदाम. करजणला उतरून बाजारातून आत गेलो. त्याचे घर लहान आहे, पुढे अंगण, अंगणात शेवग्याचे झाड. दार त्याच्या पत्नीने उघडले.

"भाऊजी, एकटेच आलात? फोन तरी करायचा." मग आत वळून मोठ्याने, "अहो, साहेब आलेत. उठू नका." तो उठण्याच्या बेतात होता. उजवी बाजू हलत नव्हती, तरी खांदा उठला.

मी नाणे त्याच्या डाव्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट केले, पुढचे अक्षर पाहिले.

"किती पडलं?" बोलणे जड झाले आहे, पण कळते.

"पावणेसातशे."

"सगळी?"

"एक."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याची पत्नी पाणी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"साहेब, तुम्हाला गंडवलं," तो म्हणाला.

मी त्याला ठशाचे सांगितले. साडेचार हजार ठशाचे, ते अकरांत वाटले जातात, जास्त असते तर स्वस्त पडले असते. त्याने लक्ष देऊन ऐकले. तो नेहमी लक्ष देऊन ऐकत असे.

"म्हणजे जे गेले त्यांच्या वाटणीचं पण आपणच भरायचं."

"तसेच."

"हरामखोर," तो म्हणाला. त्याची पत्नी पदराआड हसली.

हॉलच्या दारातला प्रकार मी त्याला सांगितला. तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि तिला पाठीवर हात फिरवावा लागला. "एकानंपण नेलं नाही?" त्याने दोनदा विचारले. मग शांत झाला. "मी असतो तर मीपण दिलं असतं."

"माहीत आहे."

नाणे त्याने उशाखाली ठेवायला सांगितले. ती म्हणाली, चादर झटकताना पडेल, मी कपाटात ठेवते. तो म्हणाला, खिशात. सदरा वळून खिसा उजव्या अंगाखाली गेला होता, त्याच्या डाव्या हाताला तो सापडेना. तिने घालून दिले.

पुढच्या हिवाळ्यात यायचे जमेल का, हे मी विचारले नाही. त्यानेच सांगितले. "मी आता यायचा नाही, साहेब. गाडीत बसवायला दोन माणसं लागतात." मी ठीक म्हणालो. बाहेर कुठेतरी पिठाची चक्की चालू होती. तिने जेवायला वाढले, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची आमटी. मी जेवलो. फार दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या ताटाशेजारी जेवलो.

निघताना त्याने विचारले, "आता कुणाकडे?"

"अकरा नंबरकडे. मकरपुऱ्याला."

त्याने पत्नीकडे पाहिले. तिने अंगणात जाऊन काठीने शेंगा पाडल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जुडी माझ्या हातात दिली.

"त्याला द्या," तो म्हणाला. "आणि सांगा, भाडेकरू ठेवलाय तो काढ. मला सगळं कळतं."

हे काय प्रकरण आहे, मी विचारले नाही. बस अर्धा तास उशिरा आली. शेंगा मी मांडीवर ठेवल्या.

मकरपुऱ्याला दोन दिवसांनी गेलो. शेंगांची टोके सुकली होती. अकरा नंबर मला दारात पाहून गोंधळला. मी काही तपासायला आलो आहे, असे त्याला वाटले असावे. मी नाणे दिले आणि ते फाटकाबाहेर न्यायची परवानगी आहे, असे सांगितले. तो हसला नाही. "नक्की ना?" म्हणाला. मी नक्की म्हणालो. मग शेंगा दिल्या आणि भाडेकरूचा निरोप सांगितला.

"त्याला करजणला बसून काय कळतं? अंथरुणावरून उठता येत नाही आणि माझा भाडेकरू काढतोय." तो तावातावाने आत गेला. आत सुनेशी काही बोलणे झाले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कैरीच्या लोणच्याची बरणी होती, तोंडाला फडके बांधलेली. "हे त्याला द्या. आणि सांगा, भाडेकरू शाळेत मास्तर आहे, वेळेवर भाडं देतो, तुझ्यासारखा उधारीवर जगत नाही. असंच सांगा, गोड करून नको."

मी म्हणालो, मला अजून तीन नंबरकडे जायचे आहे, मग आठकडे.

"मग तिकडून करजणला जा. लोणचं खराब होत नाही."

मला जमेल का, हे त्याने विचारले नाही. शिफ्टमध्ये मीही कोणाला विचारत नसे.